घराच्या जाहिरातीत पूर्णत्वाची तारीखही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत वाघोली, उंड्री, पुनावळे, मोशी या भागांतल्या नव्या गृहप्रकल्पांच्या पानभर जाहिराती असतात. क्लब हाउस, पोहण्याचा तलाव, आयटी पार्क किती मिनिटांवर, हे सगळं ठळक अक्षरांत. कोपऱ्यात बारीक टायपात महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा झालेला क्यूआर कोड. घर कधी पूर्ण होणार, हे मात्र बहुतेक जाहिरातींत नसतंच. असलं तर 'लवकरच ताबा' एवढंच. त्याबद्दलच हे पत्र आहे.

नोकरीची बरीच वर्षं मी बँकेच्या गृहकर्ज विभागात होतो. कर्जासाठी येणाऱ्या जोडप्यांना कार्पेट एरिया, दर, पार्किंग सगळं तोंडपाठ असायचं. ताबा कधी, असं विचारलं की उत्तर यायचं, "साइट ऑफिसमध्ये पुढच्या दिवाळीला म्हणालेत." करारनामा उघडला की तारीख त्याच्या कितीतरी पुढची निघायची आणि खाली वाढीव सहा महिन्यांचं कलम असायचं. महारेराच्या संकेतस्थळावर बघावं तर तिसरीच तारीख. एकाच घराच्या या तीन तारखांपैकी घरातली सगळी गणितं बसायची ती नेमकी तोंडी सांगितलेल्या तारखेवर.

माझ्या पुतण्याने नगर रोडच्या बाजूला दसऱ्याच्या मुहूर्तावर टू बीएचके बुक केला. त्याला दिलेला कॉस्ट शीटचा कागद मी पाहिला आहे. मूळ किंमत, मुद्रांक शुल्क, जीएसटी, सगळं छापील. आणि तळाशी पेनाने लिहिलेला ताब्याचा महिना. त्याखाली ना सही, ना शिक्का. त्या महिन्याच्या भरवशावर त्याने मुलीचा प्रवेश नव्या घराजवळच्या शाळेत घेतला. इमारत अजून उभी राहतेच आहे. ती पोर रोज सकाळी कर्वेनगरहून नगर रोडला शाळेत जाते. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार पुन्हा वाढवावा लागला, भाडंही वाढलं, आणि कर्जाचं व्याज सुरू आहेच. दोघंही कमावते आहेत म्हणून निभावतं आहे.

उशीर कुठे होतो, हेही सांगायला हवं. राज्याच्या २०१७ च्या रेरा नियमांतल्या नमुना करारात पैशांचे टप्पे दिले आहेत. करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५ आणि सगळे स्लॅब पडेपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत रक्कम बिल्डर घेऊ शकतो. म्हणजे सांगाडा उभा राहिला की मोठा वाटा त्याच्याकडे गेलेला असतो. माझ्या पाहण्यात स्लॅब झपाट्याने पडतात, मागणीपत्रंही वेळेवर येतात. रेंगाळतं ते त्यानंतरचं काम. प्लास्टर, लिफ्ट, ड्रेनेज, पाण्याची सोय आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची अधिकृत परवानगी. ते हाती नसताना "चावी घ्या, फर्निचर सुरू करा" असं सांगितलं जातं. त्याला ताबा म्हणत नाहीत. वाघोली, सूस, म्हाळुंगे ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण तिथल्या कितीतरी सोसायट्या अजून टँकरवर आहेत. तिथे घर घेणाऱ्याने तर ही घाई मुळीच करू नये.

घरखरेदीचा रेरा कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच भक्कम आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. करारातली तारीख उलटली आणि ग्राहक प्रकल्पातच राहिला, तर कलम १८ नुसार ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज त्याला मिळायला हवं. बिल्डरने महारेराकडे नवी तारीख नोंदवली म्हणून करारातल्या तारखेची जबाबदारी टळत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय कलम १२ आहे. जाहिरातीतल्या खोट्या किंवा चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. छापलेल्या शब्दाला असं वजन आहे. पेनाने लिहिलेला महिना किंवा साइटवर तोंडाने सांगितलेली दिवाळी सिद्ध करताना ग्राहकाच्या नाकी नऊ येतात. तारीख जाहिरातीत का येत नाही, याचं उत्तर मला तरी यातच दिसतं.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रात येणाऱ्या प्रत्येक गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाशेजारी दोन गोष्टी वाचता येतील अशा टायपात छापाव्यात. महारेराकडे नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख आणि त्या प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली आहे का. ही माहिती संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. क्यूआर कोड आहे की, असं कोणी म्हणेल. पण निवृत्तीचे पैसे मुलाच्या घरात घालणारे माझ्या वयाचे लोक कोड स्कॅन करत बसत नाहीत. ते पेपर वाचतात, जाहिरात कापून खिशात ठेवतात आणि रविवारी साइटवर जातात. त्या कात्रणावर तारीख असेल, तर तिथल्या माणसाला त्याच तारखेवर बोलावं लागेल.

जाहिरातदार दुसऱ्या पेपरकडे जाईल, ही आपल्या जाहिरात विभागाची अडचण मी समजू शकतो. पुण्यातल्या चार-पाच मोठ्या वृत्तपत्रांनी मिळून हे ठरवलं, तर ती उरणार नाही. आपण त्यात पुढाकार घ्यावा आणि येत्या दसऱ्याच्या पुरवणीपासूनच सुरुवात करावी. मुहूर्ताचं बुकिंग त्याच आठवड्यात होतं.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे