नाव तेच, कार्ड वेगळं

संपादक साहेब, नमस्कार,

बारावीचा निकाल लागला की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेमिंग पीसी घ्यायला पोरं येतात, सोबत पैसे देणारे बाबा, आणि काउंटरवर पहिला प्रश्न काय तर किती जीबीचं ग्राफिक्स कार्ड पाहिजे? अहो नुसत्या जीबीवरून काय कळणार! एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०६० कार्डाचंच उदाहरण घ्या, १२ जीबीवालं २०२१ला आलं, १९२ बिटचं (म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता तेवढा रुंद), मग २०२२ मध्ये कंपनीने त्याच नावाचं ८ जीबीवालं काढलं १२८ बिटचं, म्हणजे मेमरी गेली ती गेलीच वर तिची बँडविड्थ, म्हणजे डेटा ने-आण करायचा वेग, तोपण गेला, आणि बॉक्सवर नाव तेच. याला काय म्हणायचं? ३०५०चंही तसंच, ६ जीबीवाल्यात ८ वाल्यापेक्षा कोअर (आकडेमोड करणारे भाग) पण कमी. तरी ते ७० वॅटचं आहे, बहुतेक मॉडेलला वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे ऑफिसातून निघालेला जुना पीसी असेल तर मी तेच घ्या म्हणीन.

इंटेलचं बी५८० कार्ड आहे, १२ जीबी, भारीच, पण जुन्या मदरबोर्डला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर परफॉर्मन्स पार बसतो आणि हे दुकानात कोणी बोलत नाही. निदान बिलावर आणि ऑनलाइन जाहिरातीत मेमरी, बिट आणि वॅट तिन्ही छापायची सक्ती करा ना, ग्राहक खात्याने एवढं तरी बघावं.

– एक वाचक, डोंबिवली