टॅलसमागचे हाड : मोडलेले की मुळातच सुटे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उसाच्या ट्रॉलीवरून उडी मारताना पाऊल चवड्यावर पडून खाली ताणले गेले, खो-खोच्या मैदानात पाय मुरगळला, भरतीच्या १६०० मीटर सरावात घोटा सुजला. मग घोट्याचा ‘फोटो’ (एक्स-रे) काढला जातो आणि बाजूने घेतलेल्या फिल्मवर टाचेच्या वर, मागच्या अंगाला वाटाण्याएवढा सुटा तुकडा दिसतो. अशा वेळी दोन चुका होतात. मुळातच सुटे असलेले हाड मोडलेले समजून प्लास्टर चढते, किंवा खरोखर मोडलेल्या हाडाला ‘नुसती लचक’ म्हणून हळद-चुन्याचा लेप लागतो.

नडगी आणि टाचेचे हाड यांच्यामध्ये बसलेले हाड म्हणजे टॅलस. त्याच्या मागच्या टोकाला दोन उंचवटे असतात आणि त्यांच्यामधल्या खोबणीतून पायाचा अंगठा वाकवणारी शीर जाते. बाहेरचा उंचवटा साधारण ८ ते १३ या वयात वेगळ्या केंद्रातून हाडाचा होऊ लागतो आणि बहुधा वर्षभरात टॅलसला जुळतो. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाच्या फिल्मवर तो सुटा दिसला तर घाबरायचे कारण नाही. काहींचा तो जन्मभर जुळत नाही. त्याला ऑस ट्रायगोनम म्हणतात. जुळूनही लांब राहिला तर स्टीडा प्रोसेस. हाच उंचवटा मोडला तर शेफर्ड फ्रॅक्चर.

ओळखायचे कडांवरून. सुट्या हाडाची कड गुळगुळीत असते आणि तिच्याभोवती सलग पांढरी रेघ फिरते. ताज्या मोडीची कड खडबडीत असते आणि मोडीच्या बाजूला ती रेघ नसते. तुकडा मनातल्या मनात टॅलसला परत लावून पाहावा. खाचेला खाच बसली तर मोडीचा संशय बळावतो. दुसऱ्या पायाची फिल्म मदत करते, पण पुरावा ठरत नाही, कारण हे हाड एकाच पायात असू शकते.

हे सारे दिसायला फिल्म सरळ हवी, आणि घोडे तिथेच अडते. बाहेरचा घोटा प्लेटला टेकवून पाऊल नडगीशी काटकोनात ठेवावे, किरणांचा मध्य आतल्या घोट्यावर धरावा. टॅलसच्या घुमटाच्या, म्हणजे वरच्या गोलाकार भागाच्या, दोन कमानी एकमेकींवर बसून एकच दिसायला हवी. दोन दिसल्या तर पाय फिरला आहे. पाय बाहेर वळला असेल तर बाहेरच्या घोट्याची सावली मागे सरकते. अशी फिल्म परत काढावी. चौकटीत टाच आणि करंगळीमागच्या लांब हाडाचा बुंधाही यावा, कारण मुरगळताना तोही मोडतो.

एक्स-रेसाठी दिलेल्या चिठ्ठीवर नुसते ‘घोटा, दोन व्ह्यू’ (दोन बाजूंनी) लिहून भागत नाही. बाहेरचा घोटा आणि टाचेची जाड शीर यांच्यामधल्या खळग्यात बोटाने दाबावे, पाऊल खाली ताणावे, अंगठा वर-खाली करून पाहावा. तिथेच कळ आली तर ‘मागे-बाहेर दुखते’ एवढे तीन शब्द चिठ्ठीवर हवेत. गुळगुळीत कड दिसली म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. सुटे हाड नडगी आणि टाचेच्या हाडात अडकित्त्यातल्या सुपारीसारखे चेपले जाते, टॅलसशी असलेला त्याचा कूर्चेचा सांधाही निखळू शकतो. मोडीबाबत शंका राहिली तर सीटी स्कॅन. हाड सुटे पण दुखणारे असेल तर एमआरआय, त्यात हाडाची सूज कळते. चोळणे मात्र कोणत्याही बाबतीत नको.

हल्ली फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो तालुक्याहून शहरातल्या डॉक्टरांना पाठवतात. ती बारीक पांढरी रेघ त्यात अनेकदा पुसून जाते. फिल्मच न्यावी किंवा मूळ डिजिटल प्रत मागून घ्यावी. हाड सुटे निघाले तर ती जपून ठेवावी. पुढे कधी पाय मुरगळला तर शेजारी ठेवायला तीच लागेल.

– क्ष-किरण तंत्रज्ञ व अस्थिरोग विभागातील काही सहकारी, बीड-परभणी