बोचक्यातली वाकळ

कवळे, फोंडा
कोजागरीच्या आदल्या दिवशी

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. पाऊस अखेर गेला. चार दिवस कडक ऊन पडतंय आणि पडवीतल्या चारही दोऱ्या कापडांनी भरल्यात. वाकळा-गोधड्यांच्या शिवणाच्या खोलीबद्दल दर रविवारी फोनवर विचारता आणि मी "चाललंय, चाललंय" म्हणून वेळ मारून नेते. आज सगळं नीट लिहिते. त्यात एक गोष्ट आहे जी मला फोनवर बोलता आली नाही, ती आधीच सांगून टाकते.

आई, तू नागपंचमीच्या सुमारास दोनदा विचारलं होतंस, "कापडं बरी आहेत ना गं?" मी हो म्हणाले. ते खोटं होतं. आजीच्या इरकली साडीच्या टोपपदराला, त्या तांबड्या-पांढऱ्या पदराला, बुरशी लागली होती.

चूक पूर्णपणे माझी. अक्षय्य तृतीयेला आंबोलीमार्गे एसटीने आलेली जुन्या कापडांची ती तीन बोचकी, बाबांनी सुतळीने आवळून, वर जाड काळ्या अक्षरांत १, २, ३ लिहिलेली, मी महिनाभर तशीच ठेवली. मग पाऊस तोंडावर आला तेव्हा घाईघाईने सगळं प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यांत कोंबलं, झाकणं घट्ट लावली आणि डबे पश्चिमेच्या भिंतीला टेकवून रचले. वाटलं, आता पाण्याचा थेंबही आत जायचा नाही. गेलाही नाही. पण कापडांत आधीच जो ओलावा होता, त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. त्यातून ती भिंत चिऱ्याची. पाऊस लागला की चिरा पाणी पितो आणि आतल्या अंगाला घाम फुटल्यासारखा ओला राहतो. गडहिंग्लजला ट्रंकेत वर्षानुवर्षं कापडं सुखरूप राहतात, म्हणून इथेही राहतील असं मी धरून चालले. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात सुकं असं काही नसतंच.

डबा उघडला तेव्हा आधी तो कुबट वास आला. वरची कापडं ठीक होती. खाली हात घातला तर टोपपदराच्या पांढऱ्या पट्ट्यांवर मोहरीएवढे काळे ठिपके. तांबड्यावर दिसत नव्हते, पण बोटांना जाणवत होते. एकूण अकरा कापडं. त्यातली बहुतेक तू खळ घालून ठेवलेली होतीस. बुरशीला आणि कसरीला खळ म्हणजे आयतं जेवण, हे मला नंतर कळलं. तुझा दोष नाही, साडी नेसायची तर खळ हवीच. ठेवणीत टाकताना ती धुऊन काढायची असते, आणि ते काम माझं होतं.

नाकाला फडकं बांधून, उघडीप मिळाली तेव्हा अंगणात प्रत्येक कापड कोरड्या ब्रशने झटकलं, सौम्य साबणाने धुतलं, वाऱ्यावर वाळवलं. नऊ वाचली. दोन हातातच विरली. टोपपदर वाचलाय, आई. ठिपके फिकट झालेत, गेले नाहीत. मी त्याला पुढे काही लावलं नाही, कारण डाग घालवायच्या नादात सूतच जाईल अशी भीती वाटली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आजीच्या हाताचं आपल्याकडे तेवढंच उरलंय, आणि ते मी दोन महिन्यांत असं केलं. मला माफ कर.

त्यानंतर मात्र मी खोलीला हात घातला तो आजतागायत.

शेजारच्या काकींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पावसांत कपड्यांक वारो जाय गो." म्हणजे कपड्यांना वारा हवा. त्यांच्या कपाटात पावसाळाभर जुना पिवळा बल्ब जळतो. आताचे एलईडी चालत नाहीत, त्यांना ऊब नसते. पण चिंध्यांच्या ढिगाजवळ तापलेला बल्ब ठेवायचं धाडस मला होईना. मी हवेतला ओलावा शोषणारं यंत्र घेतलं. रात्रभरात त्यात दोन लिटर पाणी साठतं. आमच्या त्या एवढ्याशा खोलीतून! सोबत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा टांगलाय. जुलैत तो ८८ टक्क्यांवर होता. सत्तरच्या वर गेला की बुरशीला रान मोकळं, म्हणून मी तो साठच्या आत ठेवायला धडपडते.

बाबा, आता तुमचा भाग. फळ्या तुम्ही सांगितल्या तशाच करून घेतल्या: भिंतीपासून चार इंच सुट्या, सगळ्यांत खालची जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक फळी आत दहा इंच खोल. दारं लावली नाहीत, सुती पडदा सोडलाय. वारा खेळतो आणि उन्हाने घडीच्या कडा विटत नाहीत. आणि कारखान्याच्या स्टोअरमध्ये तुम्ही रॅकला बिन कार्ड लटकवत होता ना, आवक, जावक, शिल्लक, तारीख? तशी कार्डं प्रत्येक फळीला लावलीत. लहानपणी तुमच्या टेबलाशी बसून मी त्या कार्डांवर रेघा मारून द्यायची. तेव्हा वाटायचं, बोल्ट मोजून काय मिळतं. आता एक निळा तुकडा शोधताना तीन बोचकी उपसायला लागली की कळतं काय मिळतं.

आधी मी सगळं रंगाने लावायला गेले आणि दोन दिवस फुकट गेले. रंगाने लावलं की फळी दिसते सुरेख, पण सुती लाल आणि टेरिकॉटचं लाल शेजारी बसतं. एका वाकळेत गेली तर पहिल्या धुण्यात सुती आटतं, दुसरं आटत नाही, आणि मधे फुगे येतात. तेव्हा पहिली वाटणी धाग्याची. जिथे शंका तिथे कडेचे चार दोरे काढून न्हाणीच्या दारात जाळून पाहिले. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरगळेल अशी राख राहते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. बाबांचे जुने हाफशर्ट मी शंभर टक्के सुती समजत होते, चारपैकी तीन मण्यांचे निघाले.

मग ताकद. दोन्ही अंगठ्यांत धरून कापड ताणायचं. टिकलं तर ते वर-खाली लावायचं, फाटलं तर भरणीत जाईल. हे तुझंच, आई, जीर्ण आत आणि धड बाहेर. फक्त तू ते नजरेने ओळखायचीस, मला अजून ताणून बघावं लागतं. त्यात एक गंमत सापडली. ठशांच्या छापाची जुनी चादर होती ना, काळ्या वेलीची? तिची पांढरी जमीन अजून धडधाकट आहे, पण काळी वेल तेवढी झिजून जाळी झालीय. जुन्या छापाईतला काळा रंग लोखंडापासून करायचे, आणि तो वर्षं सरतील तसं सूत खातो. उजेडासमोर धरली की वेल जशीच्या तशी दिसते, नुसत्या भोकांची. ती कापवत नाही, निराळी ठेवलीय.

तिसरी वाटणी मापाची. मीटरच्या वरची कापडं सहा इंच रुंद पुठ्ठ्यावर गुंडाळून फळीवर पुस्तकांसारखी उभी केलीत. एकावर एक रचली की तळातलं कधी निघतच नाही. मीटरपासून पाव मीटरपर्यंतची घडी घालून खोक्यांत, पट्ट्या वेगळ्या, तळहाताएवढे तुकडे वेगळे. दर दसऱ्याला घड्या मोडून दुसऱ्या रेषेवर घालायच्या असं ठरवलंय, नाहीतर घडीवरच कापड चिरतं. वेखंडाच्या आणि कडुलिंबाच्या पुरचुंड्या कोपऱ्यांत आहेत, कापडाला लागू न देता. डांबरगोळ्या नकोत म्हटलं, नात तिथेच खेळते.

लाल खणांनी मात्र छळलं. आपण मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का करतो ना, तसं तीनदा केलं, तरी ओल्या पांढऱ्या फडक्यावर इस्त्री फिरवली की गुलाबी उतरतंच. मिठाने तो बांधला जात नाही, आई. आता ते खण आपापसातच जोडायचे.

बाबा, तुमच्यासाठी एक हिशेब. एका माणसाची वाकळ ६० बाय ९० इंच धरली तर दोन्ही बाजूंना मिळून १०,८०० चौरस इंच कापड लागतं. पन्हा ४५ इंच धरला तर सहावारी साडीचं भरतं ९,७२०, म्हणजे थोडक्यात हुकतं. नऊवारीचं १४,५८०. म्हणजे एका लुगड्यात एक वाकळ होऊन वर ८४ इंच उरतं. माझा अंदाज असा की आपल्या बोचक्यातले बरेच धडपे म्हणजे ते उरलेले ८४ इंच असावेत. पडताळून सांगा.

हे सगळं झाल्यावर खोली इतकी नेटकी झाली की आठ दिवस मला तिथे शिवताच येईना. आपल्या इथून घाट चढून पलीकडे गेलं की हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांतल्या पुष्कळांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं, आणि त्यातले कितीतरी जण इथून निसटून त्या रानात गेले. तिथल्या बायका कवंदी शिवतात, म्हणजे आपली वाकळच, पण रीत वेगळी. तुकडे आधी कापून जोडत नाहीत. अस्तर पसरायचं आणि कडेपासून सुरुवात करून एकेक तुकडा धावदोऱ्याने बसवत गोल गोल आत मध्याकडे यायचं. पुढचा तुकडा कोणता, ते त्या क्षणी समोरच्या ढिगातून ठरतं. शेवटी चार कोपऱ्यांना फुला लावायचे, घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण. फुल्यांवाचून कवंदी उघडी दिसते, असं त्या मानतात. मी तशी एक हातात घेऊन पाहिली. पोपटी शेजारी जांभळं, आणि ते तिथे असायलाच हवं असं. ते माझ्या फळ्यांवर पुठ्ठे लावून कधी सुचलं नसतं.

म्हणून खिडकीखाली एक वेताची टोपली ठेवलीय. तिच्यात काही लावायचं नाही, मोजायचं नाही, कार्ड नाही. शिवताना उरेल ते तिच्यात. बाबा, तुम्हाला हे पटणार नाही, पण तेवढी राहू दे.

आता खरं काम, ज्यासाठी हे पत्र. काकींच्या घरी मे महिन्यात पुरुमेत भरतात, म्हणजे सुकी मासळी, कोकम, मिरच्या, पावसाची सगळी बेगमी. भरताना त्या प्रत्येक बरणीचं सांगत असतात, ही मिरची कुणाकडची, हे कोकम कुठल्या झाडाचं. ऐकताना माझ्या पोटात कालवलं. माझ्या फळ्यांवर १६८ कापडं आहेत. प्रत्येकाला नंबर आहे, माप आहे, धागा आहे. "कुणाचं" हा रकाना मात्र फक्त ४१ ठिकाणी भरलाय. बाकीचं तुझ्याकडे आहे, आई, आणि माझ्या हे आता लक्षात आलं.

मोतीबिंदूनंतर तुला सुईत दोरा ओवता येत नाही हे मला माहीत आहे. शिवायचं काहीच नाही. हातात घेऊन फक्त सांगायचं. फोटो पाठवून भागेल असं आधी वाटलं होतं, पण परवा व्हिडिओवर तू त्या हिरव्या चौकड्याला "दिसत नाही गं, हातात असतं तर सांगितलं असतं" म्हणालीस. तेव्हा दिवाळी झाली की दोघंही या. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास इथली हवा छान कोरडी असते, गुडघ्यांनाही बरी. घाट लागतो म्हणून बाबा एसटी नको म्हणतील, तर जावई गाडी घेऊन येतील. खोलीत तुझ्यासाठी खिडकीजवळ पाठीची खुर्ची ठेवलीय. लिहायला मी आणि नात. बाबांनी कार्डं तपासावीत, मला तीन कार्डांची बेरीज चुकल्यासारखी वाटतेय.

टोपपदर तुझ्या हातात दिल्याशिवाय मी तो कुठेच लावणार नाही. ठिपक्यांचा भाग कापायचा, की तसाच ठेवायचा, हे तू ठरव.

काळजी घ्या. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, १०७ नंबर तेवढा फोनवर सांग, मला राहवत नाही. हातभर लांब, जांभळ्यावर पिवळे ठिपके, एका कडेला हाताने घातलेली बारीक तुरपाई. तुझी तुरपाई डावीकडे झुकते, ही उजवीकडे झुकलीय. कुणी घातली?