घड्याळ गाडीत बसवा, पण थांबण्याचेही पैसे द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ट्रकचालकांच्या कामाचे तास ठरवावेत आणि अमेरिकेसारखी त्यांची नोंद गाडीतल्या यंत्राने आपोआप ठेवावी, असं महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळतं. २०२१ मध्ये नितीन गडकरींनीही विमानाच्या पायलटप्रमाणे ट्रकचालकांचे तास ठरले पाहिजेत असं म्हटलं होतं. या विषयावर लिहिणाऱ्यांत गाडी चालवणारे फारसे दिसत नाहीत, म्हणून लिहितो आहे.

मी तासगावचा. वडिलांच्या दहाचाकीवर आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर म्हणून द्राक्षं, बेदाणा, हळद घेऊन वाशी, दिल्ली, कोलकाता केलं. आता कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहतो, रीफर, म्हणजे थंड पेटीची गाडी चालवतो. इथेही भरायला बहुतेकदा द्राक्षं आणि बेदाणाच असतो.

इथल्या यंत्राला सगळे ईएलडी (इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस) म्हणतात. ते इंजिनाला जोडलेलं असतं. गाडीने ताशी ५ मैलांचा वेग ओलांडला की चालवण्याचे तास आपोआप मोजायला लागतात आणि ती नोंद ना ड्रायव्हरला कमी करता येते, ना मालकाला. नियम असा: सलग १० तास विश्रांती झाल्यावर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची. कामाला हात लावल्यापासून १४ तास उलटले, की ११ तास पुरे झालेले नसले तरी स्टेअरिंगला हात लावायचा नाही. ८ तास चालवून झाले की अर्धा तास थांबायचं. रोज गाड्या चालवणाऱ्या कंपनीत ८ दिवसांत कामाच्या ७० तासांची मर्यादा. तासांचे नियम इथे १९३० च्या दशकापासून आहेत, पण नोंद कागदी वहीत व्हायची आणि वहीत काय लिहायचं हे पेन धरणाऱ्याच्या हातात असायचं. १८ डिसेंबर २०१७ पासून यंत्र सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०१८ पासून यंत्र नसलेली गाडी रस्त्यावरच उभी करून ठेवायला लागले.

यावरून ड्रायव्हरांमध्ये जी फूट पडली ती अजून भरलेली नाही. स्वतःची गाडी असलेले जुने ड्रायव्हर यंत्राच्या कट्टर विरोधात होते. झोप आली की झोपावं आणि ताजंतवानं वाटलं की निघावं, हे माणसाला कळतं, यंत्राला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सरकार आपल्यावर चोवीस तास नजर ठेवणार, हा राग वेगळाच. त्यांची ओओआयडीए ही संघटना कोर्टात गेली. २०११ मध्ये शिकागोच्या संघीय अपील न्यायालयाने आधीचा नियम रद्द केला, कारण या यंत्राच्या जोरावर कंपनीने ड्रायव्हरला छळू नये याची तजवीज त्यात नव्हती. नवा नियम आल्यावर संघटना पुन्हा त्याच कोर्टात गेली, पण २०१६ मध्ये हरली. इंजिन २००० सालाआधीचं असेल तर यंत्राची सक्ती नाही, म्हणून काहींनी जुन्या इंजिनाच्या गाड्या हुडकून घेतल्या. गुरं वाहणाऱ्यांना अमेरिकन काँग्रेसने सूट दिली. जनावरं भरलेली गाडी उन्हात दहा तास उभी करता येत नाही, हे मला पटतं.

कंपनीच्या गाडीवरच्या पगारी ड्रायव्हरांचं, विशेषतः नव्या पोरांचं, मत उलट आहे. वहीच्या काळात डिस्पॅचर, म्हणजे कंपनीतला खेपा नेमून देणारा माणूस, फोनवर सांगायचा, "वही जुळवून घे आणि सकाळपर्यंत पोच." आता ड्रायव्हर सांगतो, तास संपले, यंत्र बघा. मी याच बाजूचा आहे. तासगावातून माल भरल्यावर व्यापाऱ्याचा फोन सुरू व्हायचा की लिलावाआधी पोचलं नाही तर भाव पडेल. त्या फोनपुढे वडिलांकडे दाखवायला काहीच नव्हतं. दोन रात्री जागून गाडी हाकलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यातली सगळी घरी पोचली नाहीत.

तरीही या यंत्राचं नुसतं गुणगान वाचलं की मला राहवत नाही, कारण इथली खरी दुखरी नस तासांत नाहीच. ती पैशात आहे. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला इथे बहुतेक मैलावर पैसे मिळतात. १९३८ च्या कामगार कायद्यातल्या ओव्हरटाइमच्या तरतुदीतून आंतरराज्य ट्रकचालक तेव्हापासून वगळलेला आहे. म्हणजे यंत्र मोजतं तास आणि पगार मोजतो मैल. फ्रेस्नोहून शिकागो म्हणजे दोन हजारांवर मैल. तिथल्या एका शीतगृहात मला सकाळी ६ ची वेळ दिलेली होती आणि माल उतरवायचा धक्का मिळाला दुपारी. माल उतरेपर्यंत संध्याकाळ. १४ तासांचं घड्याळ सकाळपासून चालूच. चाक फिरलं नाही म्हणून त्या दिवसाची कमाई जवळजवळ शून्य. पहिले दोन तास फुकट थांबायचं हा इथला रिवाजच आहे, पुढच्या तासांचे पैसे कबूल केलेले असले तरी ड्रायव्हरच्या हातात पडतीलच असं नाही. माल उतरल्यावर शीतगृहवाले आवारात झोपू देत नाहीत. बाहेर पडावं तर संध्याकाळी ट्रकस्टॉप भरलेले. मग हायवेच्या रॅम्पवर गाडी लावायची आणि पोलीस कधी काच ठोठावतो त्याची वाट बघत पडायचं. याला कुणी विश्रांती म्हणू नये.

२०२० मध्ये नियम थोडे सैल झाले. मधे निदान दोन तास बंकमध्ये, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या जागेत, विश्रांती घेतली आणि तिला दुसऱ्या मोठ्या विश्रांतीची जोड दिली, तर १४ तासांच्या घड्याळात ते तास धरत नाहीत. चांगली गोष्ट आहे. पण धक्क्यावरचा माणूस दर थोड्या वेळाने गाडी पुढे घ्यायला उठवत असेल तर दोन तास सलग मिळणार कुठून?

असे वाया गेलेले तास ड्रायव्हर भरून काढतो ते वेगाने. हे माझ्या एकट्याचं निरीक्षण नाही. सक्तीच्या आधीच्या आणि नंतरच्या तपासण्या व अपघात ताडून पाहणारा इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तास मोडण्याचे गुन्हे कमी झाले, पण अपघात घटल्याचं त्यात दिसलं नाही. उलट छोट्या कंपन्यांच्या गाड्या वेगमर्यादा मोडताना आणि बेफिकीरपणे चालवताना जास्त सापडल्या. घड्याळ अडवतं आणि पोट ढकलतं, तेव्हा माणूस ॲक्सिलेटर दाबतो.

आपल्याकडे ८ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलेला होता. मी गाडीवर होतो तोवर एकाही ड्रायव्हरच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं नाही. ड्रायव्हरला खेपेवर ठरलेली रक्कम आणि भत्ता मिळायचा. मार्केटात गाडी दोन दिवस खाली झाली नाही तर हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, मिळालेच तर मालकाला मिळायचे, ड्रायव्हरला नाही. वर वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचे, पैसे त्याच्याच खिशातून आधी जायचे आणि हिशेबात परत मिळवताना मालकाशी हुज्जत व्हायची. मिळणाऱ्या पैशाची ही पद्धत तशीच ठेवून वर अमेरिकेचं यंत्र बसवलं, तर ८ तासांत २४ तासांची खेप मारायला निघालेले ड्रायव्हर समृद्धीवर आणि पुणे-बंगळूर हायवेवर दिसतील.

म्हणून माझं मागणं असं की यंत्र जरूर आणा, पण थांबण्याचा हिशेब त्याच्या आधी मांडा. गाडी फाटकावर लागल्याची वेळ बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहिली गेली पाहिजे, त्यावर माल घेणाऱ्याची सही पाहिजे, आणि ठराविक तासांनंतरचं हॉल्टिंग ठरलेल्या दराने, त्यातला वाटा थेट ड्रायव्हरच्या खात्यात पडला पाहिजे. फास्टॅग आणि जीपीएसमुळे गाडी कुठे किती वेळ होती हे आजही कळतं, पण ते मालकाला कळतं. ज्याची झोप मोजायची त्या ड्रायव्हरच्या हातात ती नोंद हवी. इथे ती त्याच्याकडे असते, आणि कंपनीने त्याच्या आधारे छळलं तर सरकारकडे तक्रार करण्याची सोय नियमातच आहे. थांबा म्हणणार असाल तर थांबायला जागाही द्यावी लागेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली हे फार चांगलं झालं, पण ती केबिन रात्री कुठे उभी करायची?

आणि नियम करण्याआधी ड्रायव्हरांना विचारा. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या कलमावरून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि मग सरकार चर्चेला बसलं. ती चर्चा आधी झाली असती तर?

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. न्हावा शेवा बंदराबाहेर आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाऊन उभ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना एवढंच विचारावं, की किती तास थांबलात आणि त्याचे किती मिळाले. मिळतील ती उत्तरं जशीच्या तशी छापावीत.

आपला,
एक ट्रकचालक
फ्रेस्नो, कॅलिफोर्निया (मूळ तासगाव, जि. सांगली)