तुलना सारख्या आकाराच्या फाईलींची करा

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला व्हिडिओ कॉम्प्रेशनवरचा लेख दोनदा वाचला. विषय किचकट आहे आणि मराठीत त्यावर कुणी लिहीत नाही, त्यामुळे लेखकाने घेतलेल्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण ‘मोठ्या आकड्यांचं क्वांटायझेशन मॅट्रिक्स वापरा, फाईल लहान होते आणि चित्रात फरक दिसत नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. आपला पेपर जळगाव-धुळ्याकडचे लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करणारे लोक वाचतात. उद्या ते हाच सल्ला मानून कुणाच्या तरी घरची आठवण पुसून टाकतील, म्हणून लगेच लिहायला बसलो.

कॉम्प्रेशनमध्ये चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन करतात, प्रत्येक चौकोनातून ढोबळपासून बारीक तपशिलापर्यंतचे ६४ आकडे (कोएफिशियंट) काढतात आणि ते मॅट्रिक्सच्या, म्हणजे ६४ घरांच्या तक्त्यातल्या, आकड्यांनी भागून पूर्णांक करतात. सगळे भाजक एकदम लहान-मोठे करणारा आकडा म्हणजे क्वांटायझर स्केल. लहान आणि मोठ्या आकड्यांची दोन्ही मॅट्रिक्स तपासताना हा स्केल तोच ठेवला होता, असं लेखातच म्हटलं आहे. मग मोठ्या आकड्यांची फाईल लहान होणार, यात शोध कसला? मोठ्या संख्येने भागलं की खाली कमीच उरतं. साध्या एका थराच्या डीव्हीडीवर जागा ४.७ जीबी, ती वाढत नाही. म्हणजे खऱ्या कामात फाईलचा आकार आधी ठरतो आणि स्केल त्याप्रमाणे हलतो. सपाट, म्हणजे सगळ्या घरांत सारखेच आकडे असलेलं मॅट्रिक्स लावलं तर बारकावे टिकतात, पण स्केल वर चढतो आणि हालचालीत चौकोन दिसू लागतात. टोकाला, म्हणजे बारीक तपशिलाच्या घरांत, मोठे आकडे ठेवले तर चौकोन कमी होतात, पण कापडाचा पोत जातो. ही देवाणघेवाण किती करायची, एवढाच तर सगळा प्रश्न आहे. आकार सारखा न ठेवता केलेल्या तुलनेत तो प्रश्न येतच नाही.

शिवाय लेखातली दोन्ही चित्रं स्थिर आहेत आणि दोन्ही आय-फ्रेम, म्हणजे स्वतःपुरतं पूर्ण चित्र साठवणाऱ्या फ्रेम, आहेत. आपल्याकडच्या पॅल (सेकंदाला २५ फ्रेमच्या) डीव्हीडीत साधारण १२ ते १५ फ्रेमच्या गटात आय-फ्रेम एकच असते. बाकीच्या पी आणि बी फ्रेम शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवतात. तो बदल दुसऱ्याच मॅट्रिक्सने भागला जातो, आणि एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीच्या कॉम्प्रेशन पद्धतीत, ते मुळात सगळीकडे १६ असं सपाट असतं. या दुसऱ्या मॅट्रिक्सचा लेखात उल्लेखही नाही. वरातीत बँडसमोर पोरं नाचतात तेव्हा डोळ्यांपुढून जाणारं बहुतेक चित्र याच फ्रेममधून तयार होत असतं.

राहिला पीएसएनआरचा, म्हणजे मूळ चित्रापासूनचा फरक मोजणाऱ्या मापाचा, तक्ता. ते माप प्रत्येक बिंदूतला फरक घेतं, त्याचा वर्ग करतं आणि अख्ख्या फ्रेमची सरासरी काढतं. चूक आकाशात झाली की माणसाच्या चेहऱ्यावर, हे त्याला कळत नाही. मॅट्रिक्सचे आकडे मात्र मुळात माणसाचा डोळा बारीक रेघांना कमी संवेदनशील असतो या आधारावर ठरवलेले आहेत. डोळ्यासाठी बनवलेली गोष्ट डोळा बाजूला ठेवून मोजायची, ही दादर ज्वारीच्या चाळणीने तीळ चाळण्यातली गत झाली.

आता माझ्या रागाचं कारण सांगतो. आमच्या घरी श्रावणात कानबाई, ही आमची खानदेशातली देवी, बसते. नव्वदच्या दशकात एका वर्षी चुलत्यांनी कॅमेरा आणला आणि रात्रीच्या गाण्यांचं व्हीएचएसवर शूटिंग करून घेतलं. माझी आजी नारळाच्या कानबाईसमोर बसून अहिराणीत गाणी म्हणते आहे, उजेड एका ट्यूबलाईटचा. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. हिरवट, फिकट, वयामुळे पसरलेलं. पुढे ती कॅसेट तालुक्याच्या गावच्या एका मिक्सिंगवाल्याकडे डीव्हीडी करायला दिली. त्याने एकाच डिस्कवर कानबाई आणि घरातली सगळी लग्नं बसवली, आणि ती बसावीत म्हणून कमी बिटरेटसाठी (दर सेकंदाला कमी डेटा खर्च व्हावा म्हणून) बनवलेलं, टोकाला प्रचंड आकडे असलेलं मॅट्रिक्स लावलं. डीव्हीडीत आजी आहे, तिची नथ आहे, लुगड्याचे काठही आहेत. हातावर गोंदण नाही. मेणाचे हात वाटतात.

असं का होतं ते लेखात यायला हवं होतं. एमपेग-२ चं आय-फ्रेमचं मूळ मॅट्रिक्स ८ पासून सुरू होऊन शेवटच्या कोपऱ्यात ८३ पर्यंत जातं. ज्याने प्रत्यक्ष भागायचं ती पायरी म्हणजे घरातला आकडा गुणिले स्केल, भागिले १६. स्केल ८ असेल तर जिथे आकडा १६ आहे त्या घरात पायरी ८ ची होते आणि जिथे ८३ आहे त्या घरात साडेएकेचाळीसची. समजा एखाद्या घरात २० चा कोएफिशियंट आहे. पायरी ८ ची असेल तर त्यातलं बरंच काही उरतं. साडेएकेचाळीसने भागलं तर पूर्णांकात शून्य येतं. मिक्सिंगवाल्याच्या मॅट्रिक्समध्ये कोपऱ्यातला आकडा ८३ च्याही बराच वर होता आणि जागा कमी म्हणून स्केलही वर. त्वचेवरची फिकट रेघ म्हणजे असेच छोटे छोटे कोएफिशियंट. ते सगळे शून्य झाले.

मी विचारायला गेलो तेव्हा ‘उलट पिक्चर क्लीन झालं’ असं उत्तर मिळालं. आणि कॅसेटला बुरशी लागली होती म्हणून ती टाकून दिली, हेही तेव्हाच कळलं. शून्य झालेला कोएफिशियंट परत येत नाही. आजकालची सॉफ्टवेअर त्या जागी रेघा काढून देतात, पण त्या त्यांच्या मनाच्या रेघा असतात, माझ्या आजीच्या हातावरच्या नसतात.

त्या कारागिराच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे, ती सांगायला हवी. जुन्या कॅसेटच्या चित्रातला खरखराट आणि गोंदणाची रेघ एकाच घरांत जाऊन बसतात आणि एन्कोडरला त्यातलं काय ठेवायचं ते कळत नाही. म्हणून सपाट मॅट्रिक्स सगळीकडे चांगलं, असंही मी म्हणत नाही. मी स्वतः आता लोकांच्या कॅसेटी डिजिटल करून देतो. प्रत्येक कॅसेटचा सगळ्यात अंधारा आणि सगळ्यात धावपळीचा तुकडा काढतो, एकाच आकाराच्या दोन-तीन फाईली करतो आणि त्या घरातल्या माणसाला मोठ्या टीव्हीवर चालवून दाखवतो. चेहरे त्याच्या ओळखीचे असतात. काय हरवलं ते तोच सांगू शकतो.

जाता जाता आपल्याच ई-पेपरबद्दल. जेपेगमध्येही असाच ८ बाय ८ चा तक्ता असतो, आणि तो मुळात फोटोंचा विचार करून बनवलेला आहे, अक्षरांचा नाही. आपण पान इतकं दाबता की बाजारभावाच्या रकान्यात अक्षरांभोवती धुरकट ठिपके येतात. केळीच्या भावात १ आहे की ९ हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळत नाही. निदान ते एक पान तरी थोडं मोठं ठेवा.

आणि लेखकाला विनंती की ही चाचणी पुन्हा करावी. सातपुड्यातल्या काठीच्या होळीचं एखादं चित्रण घ्यावं. रात्र, होळीचा जाळ, अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि पहाटेपर्यंत नाच. दोन्ही मॅट्रिक्सच्या फाईली एकाच आकाराच्या कराव्यात, दोन्ही फ्रेमप्रकारांची मॅट्रिक्स छापावीत आणि चालत्या चित्रावरून, ठिपके कुठे टिकले आणि कुठे गेले, ते लिहावं. तो लेख मी कापून दुकानात लावीन.

आपला वाचक,
अमळनेर, जि. जळगाव