मातीचं मडकं आणि मावशी

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

चपला अजून गॅलरीतच पडल्यात. बायको दोनदा म्हणाली, धुऊन टाक. तळव्यांना लागलेली नगरची काळी माती वाळून चरचरीत झालीय. मावशीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, कबरीवर मूठ मूठ माती टाकायला आपण रांगेत उभे होतो ना, तेव्हाची.

तिथून निघताना फाटकापाशी तू एकदम विचारलंस, "तुमच्यात काय मानतात रे? आई परत भेटते का?" मी काहीतरी पुटपुटलो आणि गाडीत बसलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला, तेही वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या, या प्रश्नावर ततपप व्हावं याची लाज वाटली. तीन आठवडे तो प्रश्न डोक्यात घोळतोय. फोनवर बोलायची ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांगून टाकतो. चर्चच्या दारात तू म्हणालास, "पेटीला हात लाव." त्या क्षणी मला हार्मोनियमच आठवली. दर नाताळात मावशीची पेटी घरापासून चर्चपर्यंत आपण दोघं न्यायचो, मधे दोनदा खाली ठेवून. या वेळी ठेवली नाही.

पाळकांनी वाचलं त्यातली दोन वाक्यं मनात रुतून बसली. एक, तू माती आहेस आणि मातीत परत जाशील. दुसरं बायबलातल्या यशया संदेष्ट्याचं, मी तुला नाव घेऊन हाक मारली आहे, तू माझा आहेस. पहिल्या वाक्यात काहीच उरत नाही आणि दुसऱ्यात सगळं उरतं. तुझ्या धर्माचा सगळा पीळ मला या दोन वाक्यांत दिसला. माणूस म्हणजे माती, त्याच्या जवळचं स्वतःचं असं काही नाही. पण त्या मातीला कुणीतरी नाव घेऊन हाक मारतो, आणि तेवढ्या हाकेवर ती 'कुणीतरी' होते.

आता आमच्याकडचं. बाबांना अग्नी दिला तेव्हा तू माझ्या मागेच उभा होतास. खांद्यावर पाण्याचं मडकं, हातात अगरबत्ती घ्यावी तसं काहीतरी, काय ते आता आठवतही नाही. एकेका फेरीला मामा दगडाने मडक्याला भोक पाडत होते आणि गार पाण्याची धार पाठीवरून धोतरात उतरत होती. शेवटी मडकं मागे टाकायचं, वळून बघायचं नाही. तो भोकं पाडायचा दगड म्हणजे अश्मा, आमच्याकडच्या बायका त्याला जीवखडा म्हणतात. गुरुजींनी तो दहाव्यापर्यंत जपून ठेवायला लावला. त्या वेळी मला फक्त थंडी वाजत होती. मडक्याचा अर्थ नंतर उमगला. मडक्यातलं आकाश आणि बाहेरचं आकाश एकच, भिंत तेवढी मधे आहे असं वाटतं. मडकं फुटलं की आतलं आकाश कुठे 'जात' नाही, ते आधीपासून तिथेच होतं. वेदान्ताचा हा लाडका दाखला. घटाकाश आणि महाकाश.

म्हणजे बघ, दोन्हीकडे मातीच. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो, मातीचा एक गोळा ओळखला की मातीचं सगळं ओळखलं, मडकं-परळ ही नुसती नावं, माती तेवढी खरी. तिथे माती म्हणजेच सत्, म्हणजे देव म्हण हवं तर. तुमच्या बायबलातला यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो आणि तीच माती चाकावर बघतो, भांडं बिघडतं, कुंभार पुन्हा गोळा करून दुसरं घडवतो. पण तिथे देव मातीत नाही, चाकापाशी बसलाय. हात मातीने बरबटलेले, तरी कुंभार निराळा आणि माती निराळी. इतकं वाचल्यावर मला वाटलं, आपल्यातला खरा फरक देव किती यावर नाहीच. शाळेत आपण त्यावर भांडायचो, तुमचे तेहेतीस कोटी आणि आमचा एक. फुकटची भांडणं. मी मुळात देवाच्याच मातीचा, की देवाने घडवलेला, एवढाच सवाल आहे.

आणि इथे मराठी आपल्याला फसवते. शब्द तेच, पोटात माल वेगळा. तुमच्या बायबलात आत्मा, जीव आणि शरीर असे तिन्ही शब्द आहेत. पण तो आत्मा देवाने फुंकलेल्या श्वासाने जिवंत झालेला, त्याला सुरुवात आहे. गीतेतला आत्मा जन्मतच नाही, त्यामुळे मरायचा प्रश्नच नाही. 1811 साली मिशनरी विल्यम केरीच्या छापखान्यातून मराठीतला नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, बाहेर पडला (बंगालमधलं श्रीरामपूर हं, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे), त्याच्याही जवळजवळ दोनशे वर्षं आधी, 1616 मध्ये, फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात ओव्यांमध्ये ख्रिस्ताचं पुराण रचलं. स्वर्गाला ते खुशाल वैकुंठ म्हणतात. दुसरं करणार काय? घर बांधायला मिळाल्या त्याच विटा.

शरीराचंही तसंच. गीता म्हणते, जुनं कापड टाकून नवं नेसावं तसं देहाचं आहे. कापड म्हणजे मी नव्हे. नव्या करारातला पौल करिंथच्या मंडळीला पत्रात लिहितो ते दाण्याचं, पेरल्यावाचून उगवत नाही आणि उगवतं ते निराळ्या रूपात. दाण्यातला आणि रोपातला धागा तुटत नाही. म्हणून तुम्ही पुरता आणि आम्ही जाळतो, असं सोपं समीकरण मी मांडत नाही. पण मावशीला खाली उतरवताना मला पेरणीच दिसली हे खरं. तिचे ते संधिवाताने वाकडे झालेले हात, त्याच हातांनी पेटी वाजवायची. तुमच्या हिशेबात ते हातही मावशीच आहेत. आमच्या हिशेबात ते वापरून झालेलं कापड. मला तुमचा हिशेब जास्त माणसातला वाटतो, आजीने हे वाचलं असतं तर कान धरला असता.

आठवतं का, नववीत वेरूळची सहल गेली होती? कैलास लेण्यासमोर सर सांगत होते, हे बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय, राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या काळात, आठव्या शतकात. तू हत्तीच्या तुटलेल्या सोंडेवर हात ठेवून म्हणालास, "म्हणजे देव, देऊळ आणि हा हत्ती, सगळे भाऊ भाऊ?" सर हसले. पुढे कॉलेजात ज्ञानोबांच्या अमृतानुभवातली ओवी हाती लागली आणि मी उडालोच.

देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु ।
तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा ॥

तू जे बोललास तेच! देव, देऊळ आणि पुढे हात जोडून उभा परिवार, सगळं एकाच दगडाचं. मग भक्ती व्हायला काय हरकत आहे, असं ज्ञानोबा विचारतात. ते भक्ती मोडून टाकत नाहीत. एकातच दोन होऊन प्रेमाचा खेळ खेळतात. तुमचे पाळक मात्र म्हणतील, खेळ कशाला, प्रेमाला खरेखुरे दोन लागतात. डोंगर आणि डोंगर एकमेकांवर कसलं प्रेम करणार?

पण आमच्या घरातही या बाजूने बोलणारे काही कमी नाहीत, हे तुला सांगायचं राहिलं. आम्ही हिंदू म्हणजे सगळे 'जीव आणि ब्रह्म एकच' म्हणणाऱ्या शंकराचार्यांचे, असं तू धरून चालतोस. रामानुजांनी विचारलं, सगळं ब्रह्मच असेल तर अज्ञान झालं कुणाला? ब्रह्माला झालं म्हणावं तर ते ब्रह्म कसलं, जीवाला म्हणावं तर जीव हाच अज्ञानाचा परिणाम. मध्वाचार्यांनी तर पाच भेद ठणकावून सांगितले, जीव आणि ईश्वर कायमचे वेगळे. काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांनी 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या गोरे होऊन वेदान्तावर तलवार चालवली. तेव्हा त्यांच्या हातात पातंही बरंचसं हेच होतं. फक्त एक फरक विसरू नकोस. मध्वांचा जीव वेगळा असला तरी अनादी आहे, कुणी शून्यातून निर्माण केलेला नाही. 'देवाने मला नसण्यातून असण्यात आणलं' ही तुमची गोष्ट आमच्याकडे द्वैतवाल्यांनाही पटत नाही. इथे मात्र सांधा बसत नाही, आणि ओढूनताणून बसवूही नये असं माझं मत.

तुमच्याकडेही डोंगरवाले झालेत बरं का. इकडे नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली, तेव्हा जर्मनीत एकहार्ट नावाचा डोमिनिकन साधू तिशीचा होता. ज्या डोळ्याने मी देवाला पाहतो त्याच डोळ्याने देव मला पाहतो, असलं काहीबाही तो प्रवचनात बोलायचा. त्याच्या मृत्यूनंतर 1329 मध्ये पोपने त्याची अठ्ठावीस विधानं एक तर पाखंडी नाहीतर संशयास्पद ठरवली. ज्ञानोबांना तर संन्याशाची पोरं म्हणून आधीच वाळीत टाकलेलं. नेवासा आपल्या जिल्ह्यातलं, एसटीने तास-दीड तास. हे दोघं कधी भेटले असते तर काय बोलले असते, यावर आपण एक अख्खी रात्र घालवली असती.

तिसऱ्या एका माणसाचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. आंरी ल सो, फ्रेंच बेनेडिक्टिन साधू. 1948 मध्ये भारतात आला, पुढच्याच वर्षी तिरुवण्णामलैला रमण महर्षींसमोर बसला आणि आतून हलला. अभिषिक्तानंद झाला. कावेरीकाठी आश्रम काढला, अरुणाचलाच्या गुहांमध्ये राहिला. तिथेही मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा ख्रिस्ती विधी, करायचा. एकीकडे 'मी कोण' विचारलं की 'मी' विरघळतो, दुसरीकडे हातात भाकर घेऊन 'तू' म्हणायचं. पंचवीस वर्षं हा माणूस त्या दोन दगडांवर पाय ठेवून उभा राहिला. एकही पाय उचलला नाही. 1973 च्या जुलैत ऋषिकेशच्या बाजारात बस पकडायला पळताना हृदयविकाराचा झटका येऊन रस्त्याकडेला पडला. तो अनुभव त्याला मोठ्या आनंदाचा वाटला म्हणे. डिसेंबरात इंदूरला गेला. मला त्याच्या उत्तरापेक्षा त्याचं उभं राहणं जास्त खरं वाटतं.

आता गोरोबा कुंभारांची गोष्ट. तेरला संत जमले होते, मुक्ताईने मडकी थापटायचं लाकडी थापटणं बघून विचारलं, याने कच्चं-पक्कं कळतं का? गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेव भडकले. "हे मडकं कच्चं," गोरोबा म्हणाले. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि देव सगळीकडे आहे हे शिकून आले. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकताना मी हसायचो. परवा गाडी चालवताना आठवली आणि नामदेवांची बाजू घ्यावीशी वाटली. विठोबाला हाताने जेवू घालणारं पोर ते. त्याचा देव त्याच्यासमोर होता, वेगळा होता, रुसायचा, जेवायचा. तेवढ्यासाठी कच्चं? मावशी तिथे असती तर गोरोबांच्या हातातलं थापटणं काढून घेतलं असतं.

आणि तुकोबा तर सरळ मावशीच्या शेजारी जाऊन बसतात. 'नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं ॥' मला एक व्हायचंच नाही, म्हणतात. तू तू रहा, मी मी राहतो. तुकारामांनी बांधलेल्या सेतूवरून मी ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक का म्हणायचे ते या एका ओळीवरून कळतं. मावशी टिळकांचं 'पुष्कळ अजूनि उणा' हे गाणं म्हणायची तेव्हा आमची आजी ओट्यावर बसून मान डोलवायची. नाताळच्या करंज्या घरात घ्यायला तिला दहा वर्षं लागली, पण गाणं तिने पहिल्या दिवसापासून घेतलं.

तर तुझा प्रश्न. आमच्यात आई परत भेटते का?

पोथीप्रमाणे नाही. जन्म घेतला तर ती दुसऱ्या कुणाची तरी मुलगी झालेली असणार, आणि मुक्त झाली तर भेटायला 'ती' उरलेलीच नाही. पण बाबांच्या दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण झाला. कावळे पिंपळावर बसलेले, खाली उतरायला तयार नाहीत. आत्या रडायला लागली. शेवटी काका पुढे होऊन हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीची काळजी करू नकोस. मी आहे." लगेच एक कावळा आला. योगायोग असेल. पण त्या घटकेला तिथल्या एकाच्याही डोक्यात महाकाश नव्हतं. बाबाच होते. तेच, बायकोच्या काळजीने अडलेले, नावागावासकट. मडकं फोडून दहा दिवस झाले होते आणि आम्ही सगळे त्यांच्याशी बोलत होतो.

म्हणून तिथे फाटकापाशी मला उत्तर देता आलं नाही रे. सकाळी चहा घेताना, मन शांत असताना, मला मडक्यातलं आकाश खरं वाटतं. तुझ्या शेजारी मूठभर माती घेऊन उभा होतो तेव्हा मला मावशी हवी होती, आणि मावशीच हवी होती.

महिन्याच्या प्रार्थनेला येतोय, शनिवारीच. दगडावर काय लिहायचं ठरलं का? तिचं माहेरचं नावही घाल, तिला ते आवडायचं. आणि पेटी कुणाला देऊन टाकू नकोस. वरच्या सप्तकातला गंधार बसलाय, भात्यालाही कुठेतरी चीर आहे. इथे पेठेत एक म्हातारे कारागीर आहेत, मी गाडीत टाकून आणतो. या वेळी मधे दोनदा खाली ठेवू.

तुझाच