खालचा आकडा बरा होता म्हणून...

सोनू,

परवा फोनवर तू घाईत होतास आणि मलाही नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. घाबरू नको, आज सकाळीच गोल्फ क्लबच्या मैदानाला चालत चार राउंड मारून आलोय.

झालं असं की माझं बीपी दोन वर्षं १५० च्या आसपास यायचं पण खालचा ७८-८०, मग मी आईला म्हणायचो अगं खालचा बराय ना, झालं तर. डॉक्टर म्हणाले काका, या वयात वरचा चढतो आणि खालचा उतरतो तेव्हाच शंका घ्यायची, मोठी रक्तवाहिनी कडक होत चाललीय. १५२ वजा ७८, म्हणजे ७४ चा फरक, हे गणित मी कधी केलंच नव्हतं!

मग ती किती कडक झालीय ते बघायची टेस्ट केली. सुई नाही काही नाही, दहा मिनिटं आडवं पडायचं, मग सेन्सर आधी मानेवर आणि नंतर जांघेत (लाजलो जरा), ठोक्याची लाट दोन्हीकडे किती फरकाने पोचते ते बघतात. अंतर ६५ सेंटीमीटर, त्यातलं ८० टक्केच धरतात म्हणजे ५२, फरक ४७ मिलिसेकंद, भागलं की सेकंदाला ११ मीटर. १० च्या वर म्हणजे कडकपणा जास्त. रक्त एवढं पळत नाही हां, लाट पळते. बागेतली ड्रीपची लॅटरल आठव, झाडांना पाणी देणारी ती बारीक नळी, नवी असते तेव्हा बोटाने दबते, दहा उन्हाळे खाल्ले की काठी होते, तसंच रक्तवाहिनीच्या आत इलास्टिन (ताणले जाणारे धागे) तुटतं आणि कोलॅजन (ताठ धागे) वाढतं. मग खालून परत फिरून येणारी लाटही लवकर येते, हृदय अजून पंप करतंय तोवरच, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि हृदयाला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे, तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. मी त्याच्या उतरण्यावरच खूश होतो बघ.

मागे एका शिबिरात हातापायाला पट्टे बांधून 'रक्तवाहिन्यांचं वय ६९' छापून दिलं आणि लगेच पावडरचा डबा पुढे केला, तेव्हापासून मी सगळ्यालाच थोतांड म्हणायचो. डबा थोतांड होता, मोजणीचं काय चुकलं.

गोळी सुरू झालीय, लोणचं आईने वरच्या फळीवर टाकलंय. तुझं बीपी विचारलं तर तू नुसतं "नॉर्मल" म्हणालास. दोन्ही आकडे पाठव, आणि मोजायच्या आधी चहा-सिगारेट नको. हो, सिगारेट. शर्टाला वास येतो.

बाबा